हातानं केलेली माती

तुम्ही दोघं जूनमध्ये मुलीकडे गॉलवेला येताय, त्यातले दोन दिवस ॲरन बेटांवर काढणार आहात आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. कड्याच्या टोकावरचा डून एंगसचा दगडी किल्ला कोणी आणि कशासाठी बांधला? सगळा नुसता खडक दिसतो, तर तिथे माणसं जगली कशी? आणि तिथल्या पांढऱ्या स्वेटरची वीण घराण्यागणिक वेगळी असायची, समुद्रात बुडालेल्या कोळ्याची ओळख त्या विणीवरून पटायची, हे खरं का?

मी गेली तेवीस वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम करते. त्यातला बराच काळ बेटांवरच्या दगडी भिंती, जुनी शेतं आणि पडक्या घरांची जोती मोजण्यात गेला. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलते आणि मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते. किल्ला आणि स्वेटर या दोन गोष्टींसाठी बहुतेक माणसं ॲरनला येतात आणि ज्या जमिनीवरून चालत किल्ल्यापर्यंत जातात तिच्याकडे बघतही नाहीत. माझ्या मते त्या बेटांवर माणसानं घडवलेली सगळ्यात मोठी वस्तू ती जमीनच आहे.

गॉलवेच्या आखाताच्या तोंडाशी ही तीन बेटं एका रांगेत आहेत. इनिश मोर, म्हणजे मोठं बेट, साधारण 14 किलोमीटर लांब. मधलं इनिश मान, आणि पूर्वेकडचं सगळ्यात लहान इनिश ईर. तिन्ही चुनखडकाची. समोरच्या क्लेअर परगण्यातल्या बरन नावाच्या खडकाळ पठाराचाच हा समुद्रात शिरलेला तुकडा. हिमयुगात बर्फाच्या थरांनी वरचं सगळं खरवडून नेलं आणि जाताना आखाताच्या उत्तरेकडच्या कॉनेमारा भागातले ग्रॅनाइटचे गोटे इथे टाकून दिले. चुनखडक पावसाच्या पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्याला सरळ रेषेत खोल भेगा पडल्या आहेत, इतक्या सरळ की कोणी करवतीनं कापल्यात असं वाटावं. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी भेगांतून खाली निघून जातं. झाडं जवळजवळ नाहीत. जी थोडी मूळ माती आहे ती या भेगांच्या तळाशी.

मग शेत करायचं कसं? आधी खडकाचा सपाटसा भाग निवडायचा. वरचे सुटे दगड उचलून कडेला लावायचे, हाच पुढे गडगा होतो. मग भेगा बुजवायच्या, कारण त्या बुजवल्या नाहीत तर वर टाकलेलं सगळं पावसाबरोबर आत जाईल. घणानं दगड फोडून त्याची खडी भेगांत ठासायची. त्यावर किनाऱ्यावरची वाळू पसरायची, वाळूवर समुद्रशेवाळाचा थर, पुन्हा वाळू, पुन्हा शेवाळ. सगळ्यात वर भेगांतून, रस्त्याच्या कडेनं, जिथून मिळेल तिथून खरवडून आणलेली मूठमूठ माती. हे कुजून एकजीव व्हायला काही वर्षं लागतात. त्यानंतरही दर वर्षी शेवाळ घालावंच लागतं, नाहीतर जमीन वाळूवर येते.

एकदा अशा एका सोडून दिलेल्या शेताचा छेद घ्यायची संधी मला मिळाली. तळाशी फोडलेली खडी होती, धारदार कडांची, म्हणजे माणसाच्या घणाची. वर फिकट आणि काळपट पट्टे आलटून पालटून, त्यात शिंपल्यांचा चुरा, मातीच्या तंबाखूच्या चिलमीचे तुकडे, फुटक्या चिनीमातीच्या बशीची एक निळी कड. सगळा मिळून थर हातभरसुद्धा जाड नव्हता. मी त्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसले होते आणि शेजारचा म्हातारा शेतकरी गडग्यावर कोपर टेकून बघत होता. तो म्हणाला, ही माती माझ्या आजीनं पाठीवर आणली. मी वहीत थरांची नोंद करत होते, आणि त्या नोंदीच्या शेवटी मी हे वाक्यही लिहून ठेवलं. नमुना क्रमांकाइतकंच ते मला महत्त्वाचं वाटतं.

पाठीवर आणली हे शब्दशः घ्या. शेवाळ वाहायची टोपली, तिला क्लीव म्हणतात, विलोच्या ओल्या फांद्यांची विणतात. विलो तरी कुठून? त्यासाठी उंच गडग्यांच्या आत, वाऱ्याच्या आड, विलोची छोटी राखीव वाडी असे. गाढवाच्या पाठीवर दोन बाजूंना लावायच्या टोपल्यांचा एक प्रकार मला फार आवडतो, पार्डोग. तिचा तळ दारासारखा उघडतो. शेतात पोचलं की खिट्टी काढायची, ओझं खाली पडतं, ते उपसून काढायला लागत नाही. एका बाजूची आधी मोकळी केली तर दुसऱ्या बाजूच्या भारानं सगळं साज उलटतं, म्हणून दोन माणसांनी दोन्ही बाजूंना एकदमच खिट्टी काढायची. असली माहिती कुठल्या थरात मिळत नाही. ती वापरणाऱ्याला विचारावी लागते.

किनाऱ्यावरचं शेवाळसुद्धा कोणाचंही नसे. कुठल्या वाडीनं, कुठल्या घरानं कुठल्या खडकावरचं शेवाळ काढायचं हे ठरलेलं असे. खडकावर वाढणारं काळं शेवाळ विळ्यानं कापायचं. खोल पाण्यातलं तांबूस, लांब देठांचं शेवाळ हिवाळ्यातल्या वादळानंतर किनाऱ्यावर येऊन पडतं, तेव्हा रात्र असो की पहाट, सगळं घर बाहेर पडे.

या मातीत मुख्य पीक बटाटा. बटाट्याचे उंच वाफे करतात: जमिनीवर शेवाळ, त्यावर बियाणं, आणि दोन्ही बाजूंची माती उलटून त्यावर पांघरायची. वाफ्यांमधल्या चरांतून पाणी निघून जातं. दुसरं पीक राय नावाचं धान्य, आणि ते मुख्यतः काडासाठी. रायचं काड लांब आणि चिवट, घरं त्यानंच शाकारायची. मळणी करताना काड मोडू नये म्हणून पेंढी हातात धरून कणसं दगडावर आपटतात. कोकणात भाताची पेंढी अशीच झोडतात, म्हणून मला हे पहिल्यांदा बघताना अगदी घरचं वाटलं. छपरावर मात्र आपल्यापेक्षा एक काम जास्त. अटलांटिकचा वारा काड उडवून नेईल म्हणून सबंध छपरावर दोऱ्यांचं जाळं टाकतात आणि दोऱ्या भिंतीत वळचणीखाली बसवलेल्या दगडी खुंट्यांना बांधतात. छप्पर गेलेल्या, गवतात बुडालेल्या घराच्या भिंतीत त्या खुंट्या अजून दिसतात. त्या दिसल्या की हे घर शाकारलेलं होतं हे मी लगेच लिहून टाकते.

जळण बेटावर नाही. झाड नाही, आणि दलदलीतून कापून वाळवतात ते पीटही नाही. ते कॉनेमाराहून येई, तपकिरी शिडांच्या, फुगीर पोटाच्या लाकडी गलबतांतून. ही गलबतं गॉलवे हूकर म्हणून प्रसिद्ध आहेत. परतीच्या फेरीत त्यांतून चुनखडक जाई, कारण कॉनेमाराची जमीन आम्लधर्मी, तिला चुना हवा. उन्हाळ्यात बेटावरचं गवत आणि पाणी आटलं की घोडी कॉनेमाराच्या डोंगरावर चरायला पाठवत आणि नंतर परत आणत. जगापासून तुटलेली बेटं असं जे चित्र रंगवतात ते मला म्हणून पटत नाही. या माणसांचं रोजचं जेवण शिजवणारी आगसुद्धा समुद्रापलीकडून येत होती.

आता गडगे. तिन्ही बेटांवर मिळून साधारण 2,400 किलोमीटर लांबीच्या भिंती आहेत असा हिशेब सांगतात. तुम्ही त्या बघाल तेव्हा आकड्यावर विश्वास बसेल. सिमेंट नाही, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. माझं माहेर गुहागरजवळचं, तिकडे गडगा हा शब्द मी बोलायला शिकले तेव्हापासूनचा, आणि ॲरनच्या भिंतींना मी तोच शब्द वापरते कारण तो तंतोतंत बसतो. तिथला एक प्रकार मात्र मी आपल्याकडे पाहिलेला नाही. आधी थोड्या थोड्या अंतरावर मोठे दगड उभे रोवतात, त्यांना आई-दगड म्हणतात. त्यांच्या मधल्या जागेत लहान दगड भरतात, आणि वर पुन्हा मोठे, आडवे. म्हणजे बारीक दगड खाली आणि जड दगड वर, शहाण्या गवंड्याच्या नियमाच्या अगदी उलट. पण वरचा भार खालच्या भरावाला आवळून धरतो, आणि दगडांमधल्या फटींतून वारा गाळून निघतो. भरीव भिंत त्या वाऱ्यात टिकली नसती. एका बाजूला उभं राहून बघा, पलीकडचं आकाश भिंतीतून ठिपक्याठिपक्यांनी दिसतं.

इतक्या बारीक खणांची गरज काय, असं सगळे विचारतात. एक तर दगड कुठेतरी ठेवायलाच हवे होते. शिवाय पातळ माती वाऱ्यानं उडू नये, कोवळ्या पिकाला खारा वारा लागू नये. गुरांना एका वेळी एवढंच गवत द्यायचं, म्हणजे बाकीचं वाढतं. आणि वारसांमध्ये जमीन वाटत गेली तसतसे खण लहान होत गेले. या सगळ्यामुळे काही शेतं एका मोठ्या खोलीएवढीच आहेत. बहुतेकांना फाटक नाही. आपल्याकडे बेड्याचे बांबू सरकवून गुरं आत घेतात, तशी इथे भिंतीत बार्ना असते: भिंतीचाच एक तुकडा, पण सैल रचलेला. गाय न्यायची तर तो पाडायचा आणि ती आत गेली की पुन्हा रचायचा. अनुभवी माणसाला पाच मिनिटं लागतात. मला पहिल्यांदा अर्धा तास लागला होता आणि तरी तो दुसऱ्या दिवशी कोसळला.

2024 च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं आयर्लंडच्या कोरड्या दगडी बांधकामाच्या कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. पण यादीत नाव आल्यानं भिंत उभी राहत नाही. गुरं पाळणं कमी झालं की शेतात काटेरी झुडपं शिरतात, गडगा पडतो तो पडूनच राहतो. 2014 ते 2018 या काळात ॲरनलाइफ नावाचा युरोपीय निधीचा प्रकल्प चालला. त्यात शेतकऱ्यांना झुडपं काढायला, वाटा मोकळ्या करायला आणि गुरांसाठी पाण्याची सोय करायला मदत झाली. त्या पाण्याच्या टाक्या बघण्यासारख्या आहेत: एक उतरता फरशीसारखा पृष्ठभाग, त्यावर पडलेलं पावसाचं पाणी खालच्या डोणीत जमतं. ज्या खडकावर पाणी ठरत नाही तिथे गुरांना प्यायला हीच सोय.

शेवाळाचा आणखी एक उपयोग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण जमिनीचा खंड त्यातूनच भरला जाई. वाळवलेलं शेवाळ दगडांनी बांधलेल्या लांबट, उथळ भट्टीत जाळायचं. रात्रभर आणि पुढचा दिवस भट्टी पेटती ठेवायची, सतत ढवळायची. तळाशी लाव्ह्यासारखा दाट रस जमतो आणि थंड झाल्यावर त्याचा दगड होतो. या राखेला केल्प म्हणत. आधी ती काच आणि साबणासाठी जाई, पुढे आयोडीनसाठी. एक टन केल्पला साधारण वीस टन ओलं शेवाळ लागे, आणि माल बरा की वाईट हे ठरवायचं व्यापाऱ्यानं. किनाऱ्याजवळ गवतात लांबट खड्डा आणि भाजून तांबूस झालेले दगड दिसले तर ती केल्पची भट्टी समजा. आमच्या नकाशात अशा शेकडो खुणा येतात. पर्यटकांच्या नकाशात एकही येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता डून एंगस. इनिश मोरच्या दक्षिणेकडच्या कड्यावर, समुद्रापासून सुमारे 87 मीटर उंचीवर, अर्धगोलाकार दगडी तटबंद्या एकीत एक आहेत आणि त्यांचं उघडं तोंड थेट कड्याकडे. बाहेरच्या बाजूला जमिनीत उभ्या रोवलेल्या अणकुचीदार दगडांचा पट्टा आहे. त्यातून धावत जाणं केवळ अशक्य, मी सरळ चालतानाही नडगी फोडून घेतली आहे. दंतकथा सांगते की फिर बोल्ग नावाच्या पराभूत लोकांनी इथे आसरा घेतला आणि त्यांच्या एंगस या सरदाराचं नाव किल्ल्याला मिळालं. डिस्कव्हरी प्रोग्रॅम या संस्थेनं 1992 ते 1995 मध्ये इथे उत्खनन केलं, त्याची प्रमुख होती क्लेअर कॉटर. त्यातून कळलं ते असं: माणसाचा वावर इ.स.पू. 1500 च्या आसपास सुरू झाला, आणि टेकडीचा माथा भिंतीनं वेढला गेला तो इ.स.पू. 1100 च्या सुमारास, कांस्ययुगाच्या शेवटच्या टप्प्यात. पुढे कित्येक शतकांनी तटबंद्या पुन्हा वाढवल्या गेल्या, मध्ययुगाच्या आरंभापर्यंत. म्हणजे एका राजानं एका काळात बांधलेली ही वास्तू नाही. आणि भिंतींना टेकू दिलेले जे पुस्ते दिसतात ते 1880 च्या दशकातल्या डागडुजीचे आहेत, त्यांना प्राचीन समजू नका.

उत्खननात आतल्या वेढ्यात झोपड्यांची जमीन सापडली, गुरामेंढरांची हाडं, मासे, शिंपल्यांचे ढीग. आणि कांस्य ओतायच्या मातीच्या मुशी व तलवारी-भाल्यांच्या साच्यांचे तुकडे. शिवाय चार कांस्य कड्यांचा पुरून ठेवलेला एक संच, आणि अंबराचे मणी, म्हणजे झाडाच्या डिंकाचा लाखो वर्षांनी दगड होतो तो पिवळा पदार्थ. थांबून विचार करा: ॲरनवर तांबं नाही, कथील नाही, मुशीखाली घालायला लाकूडही फारसं नाही, आणि अंबर तर बाल्टिक समुद्राकडचं. तीन हजार वर्षांपूर्वी या खडकावर बसून कोणीतरी दुरून आलेल्या धातूची तलवार ओतत होतं. कशासाठी बांधला, याचं माझं उत्तर यातूनच येतं. गडासारखं नुसतं संरक्षण एवढाच हेतू असता तर पिण्याच्या पाण्याविना, पाठीशी कडा घेऊन, कोणी तिथे वेढा सोसायला बसलं नसतं. मला ते सामर्थ्यवान घराण्याचं ठाणं वाटतं, जिथे मौल्यवान वस्तू घडत, वाटल्या जात, आणि आखातात शिरणाऱ्या प्रत्येक होडीला ते दिसत असे. सगळे सहकारी माझ्याशी सहमत होतील असं नाही, कोणी विधींवर भर देतात. पण मुशी आणि साचे हा पुरावा हातात घेता येतो.

ही ये-जा ज्या होडीतून होई तिची आताची रूपं तुम्हाला धक्क्याजवळ उपडी ठेवलेली दिसतील. करख. लाकडी पट्ट्यांच्या हलक्या सांगाड्यावर डांबर लावलेला कॅनव्हास ताणलेला असतो. कॅनव्हास आला एकोणिसाव्या शतकात, त्याआधी गाईबैलांची कातडी. आपली होडी कण्यापासून सुरू होते, करख उलटी बांधतात: आधी वरच्या काठाची चौकट, ती पालथी घालून तिच्यात फासळ्या वाकवायच्या, मग लांब पट्ट्या, आणि शेवटी कापड. वल्ह्यांना आपल्यासारखं रुंद पातं नसतं, ती टोकापर्यंत अरुंदच. उंच लाटांत रुंद पातं लाटेत अडकतं, अरुंद निसटून येतं. तीन माणसं अशी होडी डोक्यावर पालथी घेऊन किनाऱ्यावर चढतात तेव्हा सहा पायांचा काळा भुंगा चालल्यासारखा दिसतो. धक्के नसलेल्या किनाऱ्यावर हीच होडी चालणार. पाण्यात बसते जेमतेम, लाटेवर बुचासारखी तरंगते, आणि काम संपलं की उचलून दगडांच्या खोबणीत बांधून ठेवता येते. तिच्यातून बटाटे गेले, डॉक्टर आले, नवऱ्यामुली गेल्या, शवपेट्याही गेल्या. इनिश मान आणि इनिश ईरवरून विकायची गुरं पोहत मोठ्या बोटीपर्यंत न्यायची, तेव्हा त्यांची डोकी करखमध्ये बसलेली माणसं धरून ठेवत.

कातड्याच्या होडीत समुद्र ओलांडता येईल का, हे तपासण्यासाठी टिम सेव्हरिन यानं 1976 मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येकडच्या केरीच्या किनाऱ्यावरून प्रवास सुरू केला आणि 1977 च्या जूनमध्ये तो कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला पोचला. त्या होडीला ओकच्या सालीत कमावलेली 49 बैलांची कातडी लागली होती, ती तागाच्या दोऱ्यानं शिवलेली आणि लोकरीच्या मेणचट तेलात मुरवलेली. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण समुद्रावरून दूरदेशी गेलेल्या ख्रिस्ती संन्याशांच्या जुन्या कथा खऱ्या की खोट्या हे त्यानं सिद्ध होत नाही, पण तंत्र पुरेसं होतं हे नक्की होतं.

पायांत काय घालायचं हा प्रश्नही खडकानंच सोडवला. खिळे मारलेले बूट चुनखडकावर घसरतात. म्हणून न कमावलेल्या गाईच्या कातड्याचा तुकडा, केसांची बाजू बाहेर, चवड्यापाशी आणि टाचेपाशी मासेमारीच्या दोरीनं आवळलेला. पॅम्पूटी. रात्री ती पाण्यात भिजत घालायची, सुकली तर लाकडासारखी होते. दिवसभर ओल्या वाळूत-पाण्यात काम, म्हणून दिवसा ती आपोआप मऊ राहते. आणि पुरुषांच्या कमरेला क्रिस, रंगीत लोकरीचा लांबलचक विणलेला पट्टा. त्याला माग नाही. ताण्याचे धागे एका टोकाला स्वतःच्या पायात अडकवायचे, दुसरं टोक हातात, आणि बोटांनी धागे उचलत विणत जायचं. एका बाईनं मला तो शिकवला. कडांना पांढरे धागे का, असं मी विचारलं, तर म्हणाली, रंग आत राहावेत म्हणून. मला ते कारण पुरेसं वाटलं.

आणि आता तुमचा तिसरा प्रश्न. नाही, घराण्याची वीण ही गोष्ट खरी नाही. तिचं मूळ सांगता येतं. नाटककार जे. एम. सिंग 1898 पासून काही वर्षं या बेटांवर येऊन राहत होता. त्याच्या 1904 मधल्या एका एकांकिकेत बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती त्याच्या पायमोज्यावरून, आणि तीही घराण्याच्या नक्षीवरून नाही. मोजा तिनं स्वतः विणलेला असतो, आणि किती टाके घातले व किती सोडले हे तिला आठवत असतं. या प्रसंगातून पायमोज्याचा स्वेटर झाला, टाक्यांची घराणी झाली. दुसरा धागा ऑक्सफर्डच्या हाइन्झ किवे या लोकरविक्रेत्याचा. 1936 मध्ये डब्लिनमध्ये त्याला असा पांढरा स्वेटर मिळाला, आणि इ.स. 800 च्या सुमाराच्या केल्सच्या सचित्र हस्तलिखितात याच विणी आहेत असं तो सांगू लागला. आयर्लंडमध्ये सुयांवरचं विणकाम त्यानंतर कित्येक शतकांनी आलं. पेड म्हणजे दोरखंड, चौकट म्हणजे शेत, वगैरे अर्थ याच काळात चिकटले.

खरी हकीकत अशी. सिंगच्या काळात बेटावरचे पुरुष हातमागाच्या जाड लोकरी कापडाचे कपडे आणि गडद जर्सी घालत. 1891 मध्ये सरकारनं पश्चिमेच्या गरीब भागांसाठी कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड स्थापन केलं. धक्के, मोठ्या होड्या, बाहेरचे मच्छीमार आणि त्यांच्याबरोबर बाहेरच्या विणी आल्या. बेटावरच्या बायकांनी त्या उचलल्या, एकीला दुसरी जोडली, छातीभर उठावदार नक्षी भरायला सुरुवात केली. पांढरा स्वेटर बहुधा मुलाच्या पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे चर्चमधल्या विधीसाठी. 1930 च्या दशकात तो डब्लिनच्या दुकानात विकायला गेला, 1950 च्या दशकात त्याचे नमुने छापून अमेरिकेत पोचले, आणि पुढच्या दशकात क्लॅन्सी ब्रदर्स हे लोकगायक तो घालून दूरचित्रवाणीवर आले. एवढं सगळं शंभर-सव्वाशे वर्षांतलं. दुकानात तुमच्या आडनावाची वीण म्हणून जे विकतात ते विसाव्या शतकातलं आहे. स्वेटर जरूर घ्या, पण हातानं विणलेला घ्या. त्याला कित्येक आठवड्यांचं काम लागतं, आणि हे पैसे मिळाले तेव्हा त्या घरांतल्या बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची कमाई आली. मला प्राचीन चिन्हांच्या कहाणीपेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची वाटते, आणि ती विणणाऱ्यांच्या नावावरून पुसली जाते म्हणून मी इतकं तावातावानं लिहिते आहे.

याच जातीची आणखी एक गैरसमजूत: 1934 च्या एका गाजलेल्या चित्रपटात बेटकरी भाल्यानं प्रचंड शार्क मारताना दिसतात. ती शिकार तोवर कित्येक दशकं बंद पडली होती, चित्रीकरणासाठी लोकांना ती नव्यानं शिकवावी लागली. त्याच चित्रपटात शेवाळ वाहून माती करण्याचं काम दाखवलं आहे, ते मात्र खरं.

सगळी बेटं ॲरनसारखी टिकली नाहीत. स्लायगोजवळच्या इनिशमरीचे शेवटचे रहिवासी 1948 च्या नोव्हेंबरमध्ये निघून गेले. केरीच्या ग्रेट ब्लास्केटवर 1916 च्या सुमारास दीडशेच्या वर माणसं होती, 17 नोव्हेंबर 1953 ला उरलेल्या बावीस जणांना सरकारनं समोरच्या किनाऱ्यावर आणलं. तरुण अमेरिकेला गेलेले, करख वल्हवायला हात नाहीत, आणि 1946-47 च्या हिवाळ्यात एक तरुण मेंदूज्वरानं गेला तेव्हा वादळामुळे डॉक्टर किंवा धर्मगुरू येऊ शकला नव्हता. होडी हलवायला माणसं उरली नाहीत की बेट संपतं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ॲरनला मोठे धक्के झाले, बोटसेवा झाली, विमानपट्टी झाली, शाळा राहिल्या. आज तिन्ही बेटांवर मिळून तेराशेच्या वर लोक राहतात आणि त्यातले बरेच जण घरात आयरिश बोलतात.

दोन दिवसांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी इनिश मोर. रोसावीलच्या बंदरातून बोट मिळते. डून एंगसला सकाळी लवकर जा, कड्याच्या टोकाला पोटावर झोपूनच खाली बघा, कठडा नाही. येताना क्लोखॉन ना कारिगे बघा, कोरड्या दगडांचं मधमाशांच्या पोळ्यासारखं जुनं घर. प्रत्येक थर आतल्या बाजूला थोडा पुढे काढत नेऊन वर मिटवलेलं, आणि दगड बाहेरच्या बाजूला किंचित कलते, म्हणजे पाणी आत येत नाही. केरीच्या स्केलिग मायकेलवरच्या मठातल्या खोल्या, ज्यांना 1996 मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्या याच तंत्राच्या. दुसरा दिवस इनिश ईरसाठी ठेवा. तिथे क्नॉक राहनी नावाचा वाळूचा उंचवटा आहे. 1885 मध्ये वादळानं वाळू उडवली आणि खालची कांस्ययुगीन दफनभूमी उघडी पडली, जळक्या अस्थींचा कुंभ त्यात होता. जवळच संत कीव्हॉनचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली गेलं आहे, कारण वाळू सतत चढत राहते. त्याचा सण 14 जूनला असतो, आणि गावकरी दर वर्षी त्याआधी फावडी घेऊन वाळू उपसतात. तुमच्या तारखा जुळल्या तर मदतीला जा, कोणी नाही म्हणत नाही.

आणि एक विनंती. फोटोसाठी गडग्यावर चढू नका, वरचा एक दगड हलला की खालचे दहा सैल होतात. कोणाच्या परवानगीनं बार्ना उघडून शेतात गेलात तर काढलेले दगड काढल्या क्रमानं गवतावर मांडून ठेवा, आणि बाहेर येताना शेवटी काढलेला सगळ्यात आधी लावा. सपाट बाजू खाली, जड टोक आत. लावून झाल्यावर हातानं एकदा जोरात हलवून बघा, खडखडला तर पुन्हा रचा.